सुकदेव नानांनी फीत परत आणली

घरात मुलाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावू नयेत, हे शहाणपण सुकदेव नानांना फार उशिरा आलं. एक लावावा, नाहीतर भिंत मोकळी ठेवावी. दोन लावले की पाहणारा तुलना करतो, आणि पाहणारा रतिलालभाऊंसारखा शेजारी असला तर ती मोठ्याने करतो.

नानांच्या जळगावातल्या घरी, बैठकीत सोफ्याच्या वर, त्यांच्या मुलाचे, प्रेमराजचे, असे दोन फोटो होते. दोन्ही गणवेशातले. पहिला तो प्रादेशिक सेनेत, म्हणजे बोलावणं आलं की जायचं त्या राखीव फौजेत होता तेव्हाचा. दुसरा पक्क्या फौजेत भरती झाल्यानंतरचा. रतिलालभाऊ रोज संध्याकाळी चहाला येत आणि सोफ्यावर बसत, त्यामुळे फोटो त्यांच्या पाठीशी असत. त्या दिवशी मंजुळाबाईंनी सोफ्यावर उडदाचे पापड वाळत घातले होते, म्हणून भाऊ समोरच्या खुर्चीत बसले. पुढचं सगळं रामायण त्या पापडांमुळे घडलं, हे मंजुळाबाई अजून मान्य करत नाहीत.

"नाना," भाऊ बशीतला चहा ओढत म्हणाले, "ह्या फोटोत पोराच्या बाहीवर फीत आहे. त्या फोटोत नाही."

"हो का?" नाना म्हणाले. ते दोन्ही फोटो इतकी वर्षं रोज पुसत होते, पण पुसणारा माणूस काचेवरची धूळ बघतो, आतलं बघत नाही.

"एक फीत म्हणजे लान्स नायक. माझ्या साडूचा पुतण्या फौजेत होता, मला माहितीय. माणूस नोकरीत वर चढतो, नाना. तुमचा खाली कसा काय आला?"

एवढं बोलून भाऊ घरी गेले आणि जेवून झोपले असतील. आग लावणारा माणूस नेहमी व्यवस्थित झोपतो.

प्रेमराज तेव्हा उत्तरेला डोंगरात कुठेतरी होता. कुठे ते तो सांगत नसे, आणि नाना कॉलनीत "सांगता येत नाही" असं आवाज बारीक करून सांगत. त्याला फोन लागला तेव्हा तो हसला. "असंच असतं नाना. नवीन भरती म्हणजे नवीन सुरुवात. सगळे शिपाई म्हणूनच लागतात. सोडा तो विषय."

सोडा! नानांनी उभ्या नोकरीत हाच शब्द ऐकला होता.

इथे नानांचं एक दुखणं सांगायला हवं, नाहीतर हा माणूस उगाच हटवादी वाटेल. तसा तो होताच, पण उगाच नव्हता. धुळ्याला एका सरकारी कचेरीत नाना कारकून होते. कायम होण्याआधीची काही वर्षं त्यांनी तिथेच रोजंदारीवर काढली होती. तेच टेबल, तेच काम, तोच पंखा. कायम झाले तेव्हा ती वर्षं कोणी हिशेबात धरली नाहीत, आणि नानांनी ज्याला फाइलला टॅग लावायला शिकवलं तो माणूस त्यांच्यावर हेडक्लार्क झाला. नानांनी निवृत्तीपर्यंत अर्ज केले. पुण्याला केले, मुंबईला केले, एक तर चुकून वनखात्याला गेला आणि फक्त त्याचंच उत्तर आलं. ही हकीकत घरात रोज जेवताना व्हायची. वरण कधी पातळ झालं, कधी घट्ट झालं, पण हकीकत कधी चुकली नाही. प्रेमराज तिच्यावरच लहानाचा मोठा झाला.

तेव्हा आधीची नोकरी धरली नाही आणि पोराला पायरीच्या तळाशी बसवलं, हे ऐकून नानांच्या अंगात जे आलं ते मंजुळाबाईंनी लगेच ओळखलं. "अहो, त्याचं तो बघेल," त्या म्हणाल्या.

"त्याचा बाप कारकून आहे," नाना म्हणाले. "इतरांचे बाप शेतकरी असतात, व्यापारी असतात. त्यांना अर्ज लिहिता येत नाही. याच्या बापाला दुसरं काही येत नाही."

या वाक्यात किती दुःख होतं हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही. ते कार्बन पेपर शोधायला गेले होते.

जळगावच्या सैनिक कल्याणाच्या कार्यालयात त्यांना फार आदराने बसवण्यात आलं. तिथे सांगितलं, मुलगा राखीव फौजेत लागला तेव्हा तुमचा पत्ता धुळ्याचा होता, कागद तिकडून निघतील. धुळ्याला एसटीने जायचं म्हणजे एरंडोल, पारोळा करत अर्धा दिवस. तिथेही आदराने बसवलं आणि सांगितलं, मुलगा पक्क्या फौजेत लागला तेव्हा तुम्ही जळगावला होता, अर्ज तिकडून जाईल. नानांना राग आला नाही. उलट बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना घरच्यासारखं वाटत होतं.

धुळ्याच्या टेबलावर एक निवृत्त हवालदार बसत. भला माणूस. त्यांनी नानांचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, हे नानांच्या अर्जाच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. मग चष्मा काढून विचारलं, "काका, पोरगा मागतोय का हे?"

"तो काय मागणार? तो लहान आहे."

"वय किती?"

"अठ्ठावीस."

हवालदारांनी चष्मा परत लावला. "मिळूही शकेल. पण एक सांगू? फौजेत अर्ज बाप करतो आणि उत्तर पोरगा देतो."

नानांनी ते ऐकलं आणि अर्जावर आवक शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं.

इकडे रतिलालभाऊ रोज एक नवा सल्ला घेऊन येत. भाऊ म्हणाले माहितीचा अधिकार टाका, नानांनी टाकला. भाऊ म्हणाले खासदारांचं पत्र जोडा, नानांनी ते मिळवायला चार चकरा मारल्या आणि मिळालेलं पत्र दुसऱ्याच कोणाच्या बदलीचं निघालं. भाऊ म्हणाले थेट दिल्लीला लिहा, वर लिहिलं की खाली हलतं. हे मात्र खरं ठरलं. वर लिहिलं आणि खाली, अगदी डोंगरात, हललं.

प्रेमराजचा फोन आला. त्याचा आवाज बसका होता. "नाना, सुभेदार साहेबांनी मला बोलावलं होतं. माझ्या वडिलांनी दिल्लीला पत्र लिहिलंय म्हणून."

"म्हणजे पोचलं!" नाना खुर्चीतून उठले.

"पलटणीत मला सगळे 'अर्जी' म्हणून हाक मारतात."

"मारू दे. कामाची दखल घेतली म्हणजे माणसं बोलतातच."

"नाना, पुढच्या कोर्सला माझं नाव होतं. तो झाला असता तर माझी फीत मला आपोआप मिळाली असती. आता फाइल वर आहे म्हणून नाव थांबवलंय."

नानांना वाटलं फोन कटला. त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं आणि मग मंजुळाबाईंना सांगितलं, "फाइल वर गेली!" मंजुळाबाईंनी पोराचा आवाज लांबूनच ऐकला होता. त्या दिवशी त्यांनी नानांना चहा विचारला नाही.

याच दिवसांत प्रेमराजचं लग्न जमलं होतं, आणि ते चांगलं जमलं होतं. मुलगी सुलक्षणा, धुळ्याला एका दवाखान्यात नर्स. वडील चिंधा आबा, नरडाण्याजवळच्या गावात कापसाची शेती, गावात शब्दाला मान. सुपारी फुटली होती, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की बार उडवायचा होता. पोरगा आणि पोरगी फोनवर बोलत होती आणि प्रेमराज, जो आयुष्यात कधी आईशी चार वाक्यांपलीकडे बोलला नाही, तो आईला विचारू लागला होता की धुळ्याला भाड्याने खोली केवढ्याला मिळते.

आता एक गोष्ट खान्देशाबाहेरच्यांना सांगावी लागेल. आमच्याकडे फौजेत गेलेला प्रत्येक पोरगा मेजर असतो. काल भरती झाला, आज मेजर. स्वयंपाकी म्हणून लागला तरी मेजर. सुट्टीवर आला की पानटपरीवाला म्हणतो "या मेजर," आणि एसटीचा कंडक्टर म्हणतो "मेजर, मागे सरका." खराखुरा मेजर कोणी पाहिलेला नसल्यामुळे कोणाची काही अडचण होत नाही. मध्यस्थाने चिंधा आबांना सांगितलं होतं, "पोरगा मेजर शे," आणि नाना शेजारी बसून गप्प होते. खोटं बोलावं म्हणून नव्हे. ते तर सगळेच म्हणतात, त्यात दुरुस्त काय करायचं, असं त्यांना वाटलं. आयुष्यात एकदाच नानांनी एखादी चूक दुरुस्त न करता सोडून दिली आणि तीच नडली.

थंडी पडायला लागली तेव्हा पत्र आलं. पूर्वीची राखीव सेवा विचारात घेऊन, भरतीच्या तारखेपासून लान्स नायक. नानांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग देवापुढे ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. धुळ्याच्या त्या कचेरीतल्या वर्षांचा हिशेब त्यांच्या मते आज कोणीतरी चुकता केला होता, फक्त नाव मुलाचं पडलं होतं.

आनंद झाला की खान्देशात माणूस भरीत घालतो. नानांचं मूळ गाव असोदा, आणि असोद्याच्या वांग्यांपुढे बोलायची कोणाची टाप नाही. चुलतभावाच्या मळ्यात बेत ठरला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, वर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, आणि गावच्या चौकात फ्लेक्स. त्यासाठी नाना जळगावात इसाकभाईंकडे गेले. इसाकभाई आधी हाताने पाट्या रंगवत, आता फ्लेक्स छापतात.

"नाना, मेजर प्रेमराज असं मोठ्या अक्षरात घेतो," इसाकभाई म्हणाले. "मागे तोफ टाकतो, वर विमान."

"मेजर नाही. लान्स नायक लिहा."

इसाकभाईंचा हात थांबला. "नाना, मी इतकी वर्षं वाढदिवस छापतोय. फ्लेक्सवर कोणी खरं लिहीत नाही. लोकांनाही ते चालत नाही."

"एवढं भांडलो ते ह्या दोन शब्दांसाठी," नाना म्हणाले. "तेच मोठे घ्या."

इसाकभाईंनी ते मोठे घेतले. चौकात फ्लेक्स लागला: असोद्याचे सुपुत्र प्रेमराज यांची लान्स नायक पदी नोंद झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. तोफ होती. विमानही होतं.

मळ्यात माणसं जमली, पण हसत येईनात. येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून नानांच्या खांद्यावर हात ठेवत होता. तानुबाई नावाची भावकीतली म्हातारी तर पदर डोळ्याला लावूनच आली. "काहून रे बाप्पा, मेजरचा नायक काहून केला त्याले? काय गुन्हा केला पोरानं?"

"अगं अक्का, गुन्हा नाही. वाढवलंय त्याला."

"हो रे, हो. तू असंच म्हनशीन," ती म्हणाली आणि मंजुळाबाईंच्या गळ्यात पडली.

नाना चुलीपासून चुलीपर्यंत फिरून समजावत राहिले. ऐकणारे मान हलवत आणि एकमेकांकडे बघत. कोणी म्हणालं दारूच्या पायी झालं असेल, कोणी म्हणालं साहेबाशी भांडला असेल, आणि एकाने तर भरल्या तोंडाने सांगितलं की आजकाल फौजेत चांगल्या माणसाला जागा नाही. भरीत मात्र सगळ्यांनी दोनदा घेतलं. दुःखात माणसाला भूक जास्त लागते.

कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून पाठवला. तो कुठून कुठे फिरला देव जाणे, पण नरडाण्याला पोचला. चिंधा आबांचा निरोप आला: येऊन जा.

नाना रतिलालभाऊंना घेऊन गेले. न्यायला नको होतं, पण एकट्याने जायची हिंमत नव्हती. आबांच्या ओसरीवर भावकी जमली होती. त्यांच्या थोरल्या बहीण बेबाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. समोर सूपभर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि कोणी त्यांना हात लावत नव्हतं.

आबा शांतपणे म्हणाले, "नाना, माले समजाडी सांगा. मेजर आनि हाऊ नायक, कोन मोठा शे?"

इथे नाना एक वाक्य बोलून मोकळे झाले असते तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांनी माहिती नीट द्यायचं ठरवलं. ते सुपातून शेंगा घेऊन जमिनीवर एका ओळीत मांडायला लागले. आपल्या गुडघ्यापाशी पहिली ठेवली. "हा शिपाई. ही दुसरी, लान्स नायक. म्हणजे आपला प्रेमराज. आधी तो त्या पहिलीत होता, मी त्याला हिच्यात आणला. मग ही नायक. ही हवालदार. ही नायब सुभेदार, ही सुभेदार." सगळ्या माना शेंगांबरोबर पुढे सरकत होत्या. "ही सुभेदार मेजर."

"हाऊच ना मेजर!" आबांचा चेहरा उजळला. ओसरीवर सगळ्यांनी श्वास सोडला.

रतिलालभाऊंनी नानांना पायाने ढोसलं. आयुष्यातला तो त्यांचा एकमेव चांगला सल्ला होता आणि नानांनी तो ऐकला नाही.

"नाही आबा, हा वेगळा. मेजर अजून पुढे आहे." मग त्यांनी लेफ्टनंट ठेवला, कॅप्टन ठेवला, आणि मेजरची शेवटची शेंग ठेवायला त्यांना उठून उंबऱ्यापर्यंत जावं लागलं.

बेबाबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं, मग नानांच्या आसनाकडे पाहिलं. "आनि आमना जवाई तठे, तळले?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"नाना," आबा म्हणाले, "माले पद नको व्हतं. पोर चांगला शे, कष्टाळू शे, माले तेवढंच पुरं व्हतं. पन मी बठ्ठा गावले सांगेल शे, जवाई मेजर शे म्हनीसन. आते लोक माले हसतस. तव्हय तुम्हीन मनाजोडे बसेल व्हतात, तुम्हीन काब्र नही बोलनात?"

"का नाही बोललो म्हणजे, ती बोलायची रीत आहे, आबा. सगळेच म्हणतात."

"मंग ती रीत चालू देती. फलक लावाले तुमले कोनी सांगं व्हतं?"

नानांनी पत्र काढलं, शिक्का दाखवला, तारीख दाखवली. आबांनी ते हातातही घेतलं नाही. त्यांनी हात जोडले आणि सुपारी परत करायची गोष्ट काढली. आतल्या खोलीत सुलक्षणा होती. ती बाहेर आली नाही, फक्त दाराचा पडदा थोडा हलला आणि थांबला. परत येताना रतिलालभाऊ म्हणाले की मानहानीची नोटीस देता येईल. नाना एसटीच्या खिडकीतून कपाशीची शेतं बघत राहिले.

घरी येऊन त्यांनी प्रेमराजला फोन केला. आधी चांगली बातमी सांगायची असं ठरवून पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मग दुसरी बातमी सांगितली. ती वाचून दाखवायची सोय नव्हती, म्हणून अडखळत सांगितली.

"मला माहितीय," प्रेमराज म्हणाला. "सुलक्षणाचा फोन आला होता. नाना, तिला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की मी साधा शिपाई आहे. तिला चालत होतं. पण आता गावात तिच्या बापाची शोभा झाली. त्यांची मान खाली घालून ती नाही यायची, आणि मीही तिला ये म्हणू शकत नाही."

"आपण पुन्हा एकदा आबांना रीतसर..."

"नको," तो म्हणाला. "नाना, भरतीच्या वेळी मला विचारलं होतं. तुझी आधीची नोकरी आहे, ती धरायची तर अर्ज कर म्हणाले. अर्ज हा शब्द ऐकला आणि मीच नको म्हटलं. आपल्या घरात किती अर्ज झाले, नाना. मला कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची होती. कोणाकडे काही मागायचं नव्हतं, मागची वर्षं मोजायची नव्हती. तुमच्यासारखं जेवताना ते बोलत बसायचं नव्हतं."

नाना पलंगाच्या कडेवर बसले. दारात मंजुळाबाई उभ्या होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्यासारखं एवढंच होतं, की चुकलं रे बाबा. ते ओठांपर्यंत आलंही. पण नाना कारकून होते. त्यांनी विचारलं, "पण चूक दुरुस्त झाली ना रे? रेकॉर्डला तरी बरोबर लागलं ना?"

पलीकडे वारा वाहत होता, त्याचा आवाज येत होता.

"हो साहेब," प्रेमराज म्हणाला. "बरोबर लागलं." आणि त्याने फोन ठेवला.

धुळ्याच्या त्या कचेरीत, उभ्या नोकरीत, नानांना कोणी कधी साहेब म्हटलं नव्हतं. मंजुळाबाईंनी विचारलं, "काय म्हणाला?" नानांनी दोनदा तोंड उघडलं, पण त्यांना ते सांगता आलं नाही.